कढीलिंबापासून करुवेप्पिलैपर्यंत : झाडांची नावं शोधून देणाऱ्या मोफत सेवांची पारख

मराठी नाव टाकायचं आणि समोर तमिळ, कन्नड, गुजराती नाव हजर, अशी भरवशाची सोय अजून कुठेच नाही. तसा आव मात्र पुष्कळ ठिकाणी आणलेला दिसतो. 'कुटकी' हा एकच शब्द घ्या. हिंदी पट्ट्यात कुटकी म्हणजे एक बारीक भरडधान्य, पॅनिकम सुमात्रेन्स, ज्याला आपल्याकडे वरी किंवा सावा म्हणतात. मराठी वैद्याची कुटकी म्हणजे हिमालयातल्या पिक्रोऱ्हायझा कुरोआ या वनस्पतीचं कडूजहर मूळ. एकीचा भात होतो, दुसरीचा काढा. भाषांतराचं ॲप यातलं काय उचलेल याचा नेम नाही, कारण त्याच्याकडे शब्द असतो, झाड नसतं.

म्हणून एका भाषेतून दुसरीत जाताना मध्ये शास्त्रीय नावाची पायरी घ्यावीच लागते. मराठी नावावरून झाड, झाडावरून शास्त्रीय नाव, त्यावरून दुसऱ्या भाषेतलं नाव. यातलं कुठलं काम कोण नीट करतं, एवढ्याच दृष्टीने इथे चार सेवा तपासल्या आहेत : 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन', 'प्लांटनेट', 'आयनॅचरलिस्ट' आणि 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया'. चारही फुकट आहेत. मराठी नावांच्या बाबतीत सगळ्यात कोरडी आहे ती पहिली, आणि सगळ्यात उपयोगीही तीच.

क्यूची यादी : मराठी नाही, तरीही आधी इथेच

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाने 2017 मध्ये 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही सेवा सुरू केली. खातं उघडावं लागत नाही. शोधपट्टीत नाव टाकलं की ते 'स्वीकृत' आहे की दुसऱ्या एखाद्या नावाचा 'पर्याय' आहे ते कळतं, पर्याय असेल तर खरं नाव दिसतं आणि त्याच्या पानावर आजवरच्या सगळ्या जुन्या नावांची यादी मिळते. देवनागरी इथे चालत नाही, आणि मराठी पुस्तकातलं देवनागरी रूप उलटं रोमनमध्ये लिहायला गेलात तर फसायची शक्यता मोठी. तिरफळाचं झँथोझायलम झेडने सुरू होतं आणि एक्स मध्ये येतो. बरेच जण एक्सने सुरुवात करतात आणि 'सापडलं नाही' वाचून परत फिरतात. कडुनिंबाच्या अझाडिराक्टात 'क' ऐकू येतो, तिथे सी-एच लिहायचं असतं. पहिली पाचसहा अक्षरं टाकून खाली उघडणाऱ्या सूचनांतून नाव निवडलं की ही कटकट टळते.

या सेवेची खरी किंमत कळते जुनी पुस्तकं हाताशी घेतल्यावर. मराठीतल्या बहुतेक वनस्पती-पुस्तकांत बाभूळ म्हणजे अकेशिया निलोटिका, खैर म्हणजे अकेशिया कॅटेचू. ही नावं इथे टाकली की पहिलं व्हॅचेलिया निलोटिका निघतं, दुसरं सेनेगालिया कॅटेचू. शास्त्रीय नावातला पहिला शब्द गटाचा, दुसरा जातीचा. कारण असं, की अकेशिया हा मोठा थोरला गट अभ्यासाअंती एकाच पूर्वजापासून आलेला नाही हे स्पष्ट झालं. तो फोडायचा तर मूळ नाव कुणाकडे राहणार हा वाद 2005 च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लागला आणि 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. त्यामुळे आपली अस्सल बाभूळ आज अकेशिया नाही, आणि कोकण-गोव्यात सडकेकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, मात्र हक्काने अकेशिया आहे. पटो न पटो, 'अकेशिया' एवढंच लिहिलेली पाटी आता दिशाभूल करते. वेडी बाभूळही प्रॉसोपिस ज्युलिफ्लोरा राहिलेली नाही. क्यूच्या यादीत ती नेल्टुमा ज्युलिफ्लोरा आहे. शमी, म्हणजे सौंदड, प्रॉसोपिस सिनेरॅरियाच राहिली. बाजरीचं पेनिसेटम ग्लॉकम टाकलंत तर सेंक्रस अमेरिकॅनस समोर येईल. बाजरी मूळची आफ्रिकेतली असताना नावात अमेरिका कशी, असं वाटेल. पण नाव हे प्रमाणपत्र नसतं, नियमांनी टिकून राहिलेली खूण असते. चिंचेच्या टॅमरिंडस इंडिकात तर हिंदुस्थान दोनदा येतो, 'तमर-ए-हिंद' या शब्दात एकदा आणि 'इंडिका'त पुन्हा, आणि झाड मूळचं आफ्रिकेकडचं.

नावाच्या शेपटाकडे नीट बघायची सवय इथे लागते. रस्त्याकडेला उंच सुळक्यासारखा वाढणारा, लांब लोंबत्या पानांचा 'अशोक' हा खरा अशोक नव्हे. पूर्वी तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होता, 2012 पासून मोनून लाँगिफोलियम आहे. 'लाँगिफोलिया'चं 'लाँगिफोलियम' झालं ते छपाईच्या चुकीने नव्हे. लॅटिनला मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. मोनून नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणही तसंच, जसं आपलं काळा-काळी-काळं. मराठी माणसाला हे समजायला कुणाची शिकवणी लागू नये. खरा अशोक, म्हणजे सराका असोका, पार वेगळ्या कुळातला, शेंगा धरणारा. त्याची केशरी-लाल फुलं फांदीला चिकटून गुच्छाने येतात. औषधात साल वापरतात ती याची. सुळक्याच्या अशोकाची साल त्यात भेसळ म्हणून येते. नावातल्या गोंधळाची किंमत इथे प्रत्यक्ष पैशात आणि तब्येतीत मोजावी लागते.

शास्त्रीय नावामागे येणारी माणसांची नावंही सोडून देऊ नका. मोनून लाँगिफोलियमनंतर कंसात सोनेरा याचं संक्षिप्त नाव आणि कंसाबाहेर दोन आधुनिक अभ्यासकांची नावं दिसतात. कंसातला तो पहिल्यांदा वर्णन करणारा, बाहेरचे ते दुसऱ्या गटात हलवणारे. तुळशीबाबत नियम आणखी सरळ. आजची शास्त्रीय नामपद्धती घालून देणाऱ्या लिनिअसनेच तिला 1753 मध्ये ओसिमम टेन्युइफ्लोरम आणि 1767 मध्ये ओसिमम सॅन्क्टम अशी दोन नावं दिली. जुनं टिकतं, म्हणून 'पवित्र' हे दुसरं नाव पर्यायांच्या यादीत गेलं. आणि कडुनिंब? लिनिअसने त्याला मेलिया अझाडिराक्टा म्हटलं होतं. 1830 मध्ये त्याचा वेगळा गट झाला तेव्हा 'अझाडिराक्टा अझाडिराक्टा' करता येईना, कारण वनस्पतींत गटाचं आणि जातीचं नाव एकच चालत नाही. प्राण्यांत चालतं, आपलं चितळ ॲक्सिस ॲक्सिसच आहे.

आता कमतरता. पहिली म्हणजे नकाशा. हिरवा रंग मूळ प्रदेशाचा, जांभळा बाहेरून आणलेल्याचा, इथवर ठीक. पण या नकाशात आसाम, पूर्व आणि पश्चिम हिमालय आणि बेटं वेगळी धरलेली आहेत, बाकी सगळा देश 'इंडिया' म्हणून एकच ठोकळा. झाड सह्याद्रीत आहे की ओडिशात, हे इथे कळणार नाही. तरी चाळणी म्हणून नकाशा कामाचा आहे. ॲपने सुचवलेलं झाड केवळ ब्राझीलचं निघालं आणि भारत जांभळ्यातही नसेल, तर आधी ओळख पुन्हा तपासावी. दुसरी गोष्ट, ही यादी बदलत राहते आणि 'वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन'सारख्या दुसऱ्या जागतिक यादीशी प्रत्येक नावावर तिचं एकमत असेलच असं नाही. लेखात, पाटीवर, नोंदवहीत कुठेही नाव वापरताना कोणती यादी, कोणत्या तारखेला पाहिली, हे लिहून ठेवा. दोन याद्यांतली सोयीची नावं मिसळण्याचा मोह टाळा.

फोटोवरून ओळख : प्लांटनेट

फ्रान्सच्या संशोधन संस्थांनी मिळून उभं केलेलं हे ॲप पान, फूल, फळ, साल असे अवयव वेगवेगळे विचारतं आणि प्रत्येक अंदाजापुढे टक्के दाखवतं. वापरणारे पहिली चूक इथेच करतात : दहा फुटांवरून अख्ख्या झाडाचा एक फोटो. दुसरी चूक एकच पर्णिका टिपण्याची. कढीलिंब, कडुनिंब आणि बकाण निंब वेगळे करायचे तर अख्खं संयुक्त पान, देठाच्या बुंध्यापासून टोकापर्यंत, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर हवं. कडुनिंबाचं पान एकदाच पिसासारखं विभागलेलं, पर्णिका कोयत्यासारख्या वाकड्या आणि कडेला दातेरी. बकाणाचं पान दोनदा, कधी तीनदा विभागलेलं. कढीलिंबाच्या पर्णिका देठावर काहीशा आडव्यातिडव्या लागतात, आणि चुरगळल्यावर शंकाच उरत नाही. अर्थात वास फोटोत येत नाही.

चांगल्या उजेडात पान आणि फूल असे निदान दोन फोटो दिले तर कुंडीतल्या, बागेतल्या नेहमीच्या झाडांवर हे ॲप सहसा योग्य गटापर्यंत नेऊन सोडतं. सह्याद्रीतली प्रदेशनिष्ठ रोपटी, गवतं, लव्हाळे यांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. पहिल्या अंदाजाला 90 टक्के आणि दुसऱ्याला 3 असतील तर पुढे जायला हरकत नाही. 38 आणि 31 असतील तर ते उत्तर नाही, तो प्रश्न आहे. अशा वेळी लोक वरचं नाव उचलतात आणि मग ते नाव व्हॉट्सॲपच्या गटांतून वर्षानुवर्षं फिरत राहतं.

आयनॅचरलिस्ट : मराठी नावं आहेत, पण कुणी घातली?

2008 मध्ये कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेली ही सेवा आता स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. खातं लागतं. ओळख आधी यंत्र सुचवतं, मग माणसं तपासतात. निदान दोन जणांचं आणि एकूण मतांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक मतांचं जुळलं की नोंद 'संशोधन दर्जा'ची होते. यातली मेख अशी की लावलेल्या झाडांना हा दर्जा मिळत नाही. गॅलरीतल्या कुंडीचा फोटो 'लागवड केलेलं' अशी खूण करून टाकावा लागतो आणि त्याकडे तपासणारे फारसे वळत नाहीत. रानातल्या झाडासाठी उत्तम, परसातल्यासाठी सबुरी हवी.

नावांच्या बाजूने पाहिलं तर इथली रचना चारही सेवांत सरस आहे. प्रत्येक जातीच्या पानावर वर्गीकरणाच्या भागात भाषावार नावं असतात, आणि सेटिंगमध्ये दाखवायच्या भाषा निवडता येतात. मराठीसोबत इंग्रजी ठेवली तर गोंधळ निम्मा होतो. ही नावं वापरणाऱ्यांनीच भरलेली असतात, त्यामुळे ज्या जातीकडे एखाद्या मराठी हौशीचं लक्ष गेलं तिला चारचार नावं आणि शेजारच्या जातीला एकही नाही. इंग्रजी नावाचं शब्दशः मराठी करून घातलेलं नाव दिसलं तर ते बोलीतलं समजू नका. कुठल्याही गावात ते कुणी उच्चारत नाही. ओळखायची खूण सोपी : विशेषण, विशेषण आणि मग फूल.

फ्लॉवर्स ऑफ इंडिया : घाईच्या वेळी

एका पानावर फोटो, कूळ, शास्त्रीय नाव, पर्यायी नावं आणि भारतीय भाषांतली नावं, असा सुटसुटीत मांडणीचा हा संग्रह आहे. नर्सरीत उभ्या उभ्या बघायला हाच बरा. कढीलिंबापासून निघून भाषा ओलांडायची मजा अशा संग्रहातच येते. हिंदीत मीठा नीम, गुजरातीत मीठो लीमडो, कन्नडमध्ये करिबेवु, तेलुगूत करिवेपाकु, तमिळमध्ये करुवेप्पिलै. बेवु, वेप, वेप्पु म्हणजे कडुनिंबच. म्हणजे पाचसहा भाषांनी या झाडाला 'निंबासारखं, पण निंब नव्हे' याच युक्तीने ओळखलं. कुळं मात्र वेगळी. कढीलिंब लिंबू-संत्र्याच्या कुळातलं, कडुनिंब महोगनीच्या. मराठी 'लिंब' या शब्दात दोन्ही टोकं सापडतात, म्हणून 'लिंबाचा पाला' असं नुसतं लिहिलेल्या जुन्या औषधकृतीत कुठला लिंब हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. आणि जुन्या पुस्तकातलं मुराया कोएनिगी क्यूच्या यादीत आता बर्गेरा कोएनिगी आहे. लिनिअसने 1771 मध्ये ठेवलेलं नावच फिरून आलं.

अशा सगळ्याच संग्रहांची एक खोड आहे : नाव झाडाचं की मालाचं, हे ते सांगत नाहीत. गार्सिनिया इंडिकापुढे 'कोकम, रातांबा, आमसूल, भिरंड' अशी मालिका स्वल्पविराम देऊन लावली की काम संपलं असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात रातांबा म्हणजे ताजं फळ, आमसूल म्हणजे सुकवलेली साल, भिरंड हा गोवा-सिंधुदुर्गाकडचा शब्द, आणि कोकम कधी झाडाला, कधी सालीला, कधी सरबतालाही म्हणतात. केरळच्या दुकानात माशाच्या आमटीसाठी आमसूल शोधाल तर कुडमपुळी हातात देतील. तेही गार्सिनियाच, पण गमी-गट्टा ही दुसरी जात. साल जाड, काळी, धुराचा वास असलेली. आमटी आंबट होईल, रंग आणि चव कोकमची येणार नाही. परदेशातल्या मराठी घरांत तिरफळाचं असंच होतं. बांगड्याच्या तिखल्यासाठी तिरफळ मिळेना म्हणून सिचुआन मिरी घेतात. ती झँथोझायलमच, पण तिरफळ ही ऱ्हेत्सा जात आहे आणि चिनी दुकानातली बहुधा बंजिएनम. जिभेला झिणझिण्या दोन्हींनी येतात, पण वास वेगळा पडतो. गटाचं नाव जुळलं म्हणून जात जुळली असं नसतं.

पूर्वीच्या लोकांना हे जमत नव्हतं असं मात्र नाही. सतराव्या शतकात कोचीन भागातल्या वनस्पतींवर डचांनी काढलेल्या 'हॉर्टस मलाबारिकस' या ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांनी साहाय्य केलं. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापलेल्या त्याच्या 12 खंडांतल्या बहुतेक चित्रांवर रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत नावं कोरलेली आहेत. आजच्या यादीत लिपी असते, पण नाव कुणी, कुठल्या गावचं सांगितलं हे नसतं.

विकिपीडियाचा भाषाबदलाचा दुवा पुष्कळ जण वापरतात. शास्त्रीय नावाच्या पानावरून निघालात तर तो चालतो. आंबा, सफरचंद अशांची मात्र फळाची नोंद वेगळी आणि झाडाची वेगळी असते. फळाकडून निघालेला माणूस दुसऱ्या भाषेत झाडाच्या पानावर पोचेलच असं नाही.

जिथे एकही सेवा कामाची नाही

ब्राह्मी आणि शंखपुष्पी या दोन नावांपुढे सगळे संग्रह हात टेकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे नर्सरीत 'ब्राह्मी' म्हणून बहुधा मिळते ती गोल, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, दंतुर कडेच्या पानांची सेंटेला एशियाटिका, म्हणजे ग्रंथांतली मंडूकपर्णी. दुसरी ब्राह्मी बाकोपा मोनिएरी : पाणथळ जागी पसरणारी, एक-दोन सेंटिमीटरची मांसल लांबट पानं जोडीजोडीने, फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी. दोन्हींना दोन्ही नावं लावणारे वैद्य आणि प्रदेश आहेत. शंखपुष्पीचे दावेदार तर निदान तीन : पांढऱ्या-फिकट गुलाबी फुलांची कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रॉस्ट्रेटस, जी जुन्या पुस्तकांत प्लुरिकॉलिस म्हणून येते, इवल्या निळ्या फुलांची इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडीस, अर्थात विष्णुक्रांता, आणि केरळात गोकर्ण, क्लायटोरिया टर्नेशिया. अशा वेळी यादीत नाव शोधत बसू नये. विकणाऱ्याला शास्त्रीय नाव विचारावं, तो देत नसेल तर पान आणि फूल स्वतः जुळवावं, आणि पोटात घ्यायचं असेल तर दोन्ही केल्याशिवाय घेऊ नये.

वापरायचा क्रम असा ठेवा : बोलीतलं नाव टिपताना त्यासोबत गाव आणि झाडाचा भाग लिहा ('कोकम, देवगड, सुकी साल'). मग प्लांटनेट किंवा आयनॅचरलिस्टवरून शास्त्रीय नावाचा अंदाज, तो क्यूच्या यादीत घालून स्वीकृत नाव, कूळ आणि नकाशा, आणि त्यानंतरच फ्लॉवर्स ऑफ इंडिया आणि आयनॅचरलिस्ट या दोन्हींत दुसऱ्या भाषेतलं नाव. दोन्हीकडे सारखं असेल तर घ्या. एकाच ठिकाणी असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. सोसायटीच्या बागेत पाटी लावायची असेल तर मोठ्या अक्षरांत मराठी, खाली तिरप्या अक्षरांत शास्त्रीय नाव, त्याखाली कूळ. कूळ लिहायला विसरू नका, कारण पुढच्या दहा वर्षांत शास्त्रीय नाव बदलण्याची शक्यता कूळ बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि पाट्या काही कुणी पुन्हा रंगवत नाही.